शिल्लक १२,००० : ‘कॉल ऑफ’चं एक सोलापुरी प्रकरण

मार्चचा पहिला आठवडा, रात्रीचे साडेनऊ. जुन्या विद्यार्थिनीचा फोन.

“सर, कॉल ऑफ म्हणजे रद्द करणं ना?”

“हो.”

“नक्की की?”

“अगं, तुला मीच शिकवलंय.”

पलीकडं थोडा वेळ सगळं गप्प. मग म्हणाली, “उद्या सकाळी कारखान्यात येता का सर? अण्णांनी बोलावलंय.”

अण्णा म्हणजे तिचे मालक. अक्कलकोट रस्त्याच्या एमआयडीसीत त्यांचा टॉवेलचा कारखाना आहे. हे प्रकरण लिहायला त्यांनी हो म्हटलं ते कुणाचंच नाव न घालण्याच्या अटीवर. मी स्वतः पूर्व भागात इंग्रजी संभाषणाचा क्लास चालवतो. माझ्याकडची निम्मी मुलं घरी तेलुगू बोलतात, शाळेत मराठी शिकतात, गल्लीत कन्नड ऐकतात आणि चौथी भाषा म्हणून इंग्रजीला माझ्यापुढं येऊन बसतात. ही मुलगी त्यातलीच, आणि हुशार. कारखान्यात निर्यातीचा सगळा पत्रव्यवहार ती एकटी सांभाळते.

ऑर्डर काय होती

गिऱ्हाईक इंग्लंडमधलं. हॉटेलांना चादरी-टॉवेल पुरवणारा घाऊक व्यापारी. वर्षभराची ऑर्डर २४,००० नगांची: पांढरा बाथ टॉवेल, ७० बाय १४० सेंटिमीटर, ५०० जीएसएम, कडेला डॉबीची, म्हणजे विणीतल्याच नक्षीची, पट्टी. जीएसएम म्हणजे एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन. त्या हिशेबानं हा टॉवेल ४९० ग्रॅमचा. पहिले ६,००० नग ऑर्डरसोबतच ठरलेले होते, ते नोव्हेंबरात गेले. उरलेले १८,००० ‘ॲज कॉल्ड ऑफ’ जायचे होते. कराराच्या दुसऱ्या पानावर हे तीन शब्द छापलेले आहेत आणि खाली अण्णांची सही आहे.

सही करताना अण्णांना अर्थ ठाऊक नव्हता असं नाही. मुंबईच्या एजंटनं फोनवर सांगितलं होतं, “जसजसा लागेल तसतसा माल उचलतील.” अण्णांच्या डोक्यात ‘उचल’ हा शब्द बसला आणि ‘कॉल ऑफ’ कागदावरच राहिला. पत्रं वाचणाऱ्या मुलीला उचलीचं बोलणं माहीत नव्हतं. करारही तिनं कधी पाहिला नव्हता. तो अण्णांच्या कपाटात, चावी अण्णांच्या खिशात. एकाला मराठी अर्थ माहीत, दुसरीला इंग्रजी शब्द माहीत, आणि मधे एक लाकडी कपाट. पुढचं सगळं इथूनच सुरू होतं असं माझं मत आहे. अण्णांना ते अजून पटलेलं नाही.

जानेवारीतला मेल

मेल आला तो गड्ड्याच्या दिवसांत. सोलापूरकराला वेगळं सांगायला नको. संक्रांतीला सिद्धेश्वराची यात्रा, नंदीध्वजांची मिरवणूक, होम मैदानावर पाळणे आणि दुकानं. कारखान्यात माणसं निम्मी, जी येत होती त्यांचंही लक्ष घड्याळाकडं. मेल दोन ओळींचा:

‘प्लीज नोट वी आर कॉलिंग ऑफ सिक्स थाउजंड पीसेस अगेन्स्ट द अबव्ह ऑर्डर फॉर वीक ट्वेल्व्ह. काइंडली ॲक्नॉलेज.’

तिनं वाचलं: वरील ऑर्डरपैकी ६,००० नग आम्ही रद्द करत आहोत. ‘वीक ट्वेल्व्ह’पाशी ती थोडी अडली, पण मध्य जानेवारीपासून बारा आठवडे मोजले की एप्रिल येतो, आणि पुढचा लॉट साधारण तेव्हाच जाईल असं कारखान्यात सगळे धरून चालले होते. म्हणजे बारा आठवड्यांनी जाणारा लॉट नको म्हणतायत. अर्थ चपखल बसला. तिनं उत्तर पाठवलं, ‘नोटेड विथ थँक्स’, आणि वहीत लिहिलं: ६,००० रद्द, शिल्लक १२,०००.

या ‘नोटेड विथ थँक्स’वर मला दोन शब्द बोलायचेच आहेत. आपल्याकडच्या ऑफिसात ते चहासारखं वाटलं जातं. मजकूर कळला की नाही याचा त्यात पत्ता नसतो, फक्त पोचला एवढंच कळतं. तिनं ‘नोटेड दॅट यू आर कॅन्सलिंग’ असं लिहिलं असतं, तर तासाभरात इंग्लंडहून फोन आला असता आणि मला हे लिहायला विषय मिळाला नसता.

अण्णांना तिनं तोंडी सांगितलं, “सहा हजार रद्द झाले.” अण्णा चिडले, एजंटला फोन लावला, तो लागला नाही. मग यात्रेत विसरले. या लॉटसाठी आणून ठेवलेलं जवळपास ३ टन सूत महिन्याभरात हैदराबादच्या एका व्यापाऱ्याच्या नॅपकिनला लागलं. माग रिकामे ठेवून कुणाला परवडतंय?

फेब्रुवारी: सगळं जुळतंय

या प्रकरणातला मला सर्वांत आवडलेला, म्हणजे सर्वांत वाईट, भाग हा. फेब्रुवारीत गिऱ्हाइकानं ऑर्डरचं स्टेटमेंट पाठवलं. त्यात शेवटचा आकडा होता: बॅलन्स १२,०००. तिनं वही काढली. शिल्लक १२,०००. टिक केली.

कारण १८,००० मधून ६,००० रद्द झाले तरी उरतात १२,०००, आणि १८,००० मधून ६,००० मागवले तरी उरतात १२,०००. वजाबाकी तीच. आकड्यांनी चूक पकडली जाईल या भरवशावर आपण भाषेत ढिलाई करतो. इथं आकड्यांनी चुकीच्या अर्थाला साक्ष दिली.

त्याच मेलच्या शेवटी सहज विचारलं होतं, ‘हाऊ इज द कॉल-ऑफ कमिंग अलाँग?’ ‘कम अलाँग’ म्हणजे इथं काम पुढं सरकणं. मागवलेला माल कुठवर आलाय असा प्रश्न. तिला तो जरा विचित्र वाटला. रद्द करण्याचं काम कुठवर आलंय, हे काय विचारणं? पण साहेब लोक विचारतात काहीही. तिनं लिहिलं, ‘कॉल-ऑफ ऑलरेडी डन फ्रॉम अवर साइड.’ तिच्या मते: रद्दची नोंद आमच्याकडून पूर्ण. त्यांच्या मते: माल तयार. लगेच आभाराचा मेल आला, आणि त्यांनी फॉरवर्डरला, म्हणजे माल पोचवण्याची व्यवस्था पाहणाऱ्या कंपनीला, सांगून जहाजात जागा धरली.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात त्या फॉरवर्डरच्या माणसानं डिस्पॅचच्या मामांना फोन केला, “न्हावा शेव्याला गाडी कधी सोडताय?”

मामा म्हणाले, “कसली गाडी?”

दुसऱ्या दिवशी

मी गेलो तेव्हा ऑफिसात अण्णा, मामा आणि एजंट फोनवर. मुलगी दाराशी उभी. टेबलावर तिन्ही मेलच्या प्रती आणि माझ्या क्लासची झेरॉक्स वही, पाच वर्षांपूर्वीची, कोपरे दुमडलेली. ‘ऑफ’चं पान उघडून ठेवलेलं. त्यात माझ्याच अक्षरात: कॉल ऑफ म्हणजे रद्द करणे, द मॅच वॉज कॉल्ड ऑफ ड्यू टू रेन.

अण्णा मला सर म्हणतात, त्यामुळं ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, “इंग्लिश मीडियमची घ्यायला पाहिजे होती.”

मी मेल दोनदा वाचला आणि खरं सांगतो, मलाही तो रद्दचाच वाटला. माझं इंग्रजी एम.ए. तिथं काही कामाला आलं नाही. शेवटी फोनमधून एजंट ओरडला, “अहो, कॉल ऑफ म्हणजे उचल! मी नव्हतं का सांगितलं, माल उचलतील म्हणून?” अण्णांनी कपाट उघडलं, करार काढला आणि दुसरं पान माझ्यापुढं सरकवलं.

ब्रिटिश व्यापारात आणि सरकारी खरेदीत हा रोजचा शब्द आहे. वर्षभराची मोठी ऑर्डर किंवा दर-करार आधी करून ठेवायचा, आणि मग त्यातून गरजेप्रमाणे तुकड्या-तुकड्यानं माल मागवायचा. त्या प्रत्येक मागणीला ‘कॉल-ऑफ’ म्हणतात. आपल्या शिकवणीच्या पुस्तकांत, परीक्षेच्या गाइडांत हा अर्थ सहसा सापडत नाही. तिथं मॅच, लग्न, संप आणि शोधमोहीम एवढंच काय ते कॉल ऑफ होतं.

‘वीक ट्वेल्व्ह’चंही तसंच. युरोपात वर्षाच्या आठवड्यांना क्रमांक देऊन तारखा ठरवण्याची व्यापारी पद्धत आहे. वर्षातला पहिला गुरुवार ज्या आठवड्यात येतो तो एक नंबरचा आठवडा. बारावा म्हणजे मार्चचा तिसरा आठवडा, दोन-चार दिवस मागंपुढं. हातात पंधरवडा उरला होता.

‘ऑफ’चं स्विच

घरी आल्यावर मी दोन दिवस त्या ‘ऑफ’मागं लागलो. थोडी भाषा, थोडी लाज.

आपला ‘ऑफ’ स्विचबोर्डावरून आलाय. मागाच्या मोटरवर वर ऑन, खाली ऑफ. पुढं ‘वीकली ऑफ’, ‘आज माझा ऑफ आहे’, ‘त्याचा मूड ऑफ आहे’. सगळीकडं काहीतरी बंद. त्यामुळं कुठल्याही क्रियापदाला ‘ऑफ’ चिकटला की आपला हात आधी बंदच्या खटक्यावर जातो. माझ्या वहीनं तो खटका आणखी घट्ट केला.

पण ‘ऑफ’चं जुनं घर वेगळं. ‘ऑफ’ आणि एका एफचा ‘ऑव्ह’ हे मुळात एकच शब्द. जोर देऊन उच्चारलेलं रूप दोन एफचं झालं, आणि दोघांची कायमची फारकत व्हायला सतरावं शतक उजाडलं. अर्थ होता ‘पासून, सुटून, दूर’. बंद हा त्यातून निघालेला एक धाकटा अर्थ. शेजारी ‘दूर, सुटून’ हा अर्थ ठेवून पाहिलं की विक्षिप्त वाटणारी उदाहरणं जरा माणसांत येतात. ‘द लाइट वेंट ऑफ’ म्हणजे दिवा गेला, पण ‘द अलार्म वेंट ऑफ’ म्हणजे गजर वाजला, आणि ‘द मिल्क वेंट ऑफ’ म्हणजे दूध नासलं. एकच ‘गो ऑफ’. एक गप्प होतो, एक बोंबलतो, एक आंबतं. दिवा विजेपासून सुटला, गजराची अडकवलेली कळ सुटली, दूध चांगलेपणापासून सुटलं. इतिहास अगदी याच पायऱ्यांनी गेला असं माझं म्हणणं नाही, पण लक्षात ठेवायला ही दोरी बरी.

आता ‘कॉल ऑफ’. अंगावर धावलेल्या कुत्र्यांना मालक हाक मारून मागं बोलावतो, ते कॉल ऑफ. हाक मारून दूर करणं. तिथून संप मागं घेणं, मॅच रद्द करणं. आणि मोठ्या साठ्यातून हाक मारून थोडा माल सुटा करून घेणं, तेही कॉल ऑफ. दोन्हींत हाक आहे, दोन्हींत सुटणं आहे. एकात सुटलेली गोष्ट संपते, दुसऱ्यात ती ट्रकमध्ये चढते.

ही अडचण माझ्या वहीपेक्षा बरीच जुनी. सॅम्युअल जॉन्सननं १७५५ च्या आपल्या इंग्रजी शब्दकोशाच्या प्रस्तावनेतच लिहून ठेवलंय की क्रियापदाला असा छोटा शब्द जोडण्याची इंग्रजीची रीत परक्यांना सर्वांत जास्त छळते. उदाहरणं देताना त्यानं पहिलंच घेतलं ‘कम ऑफ’. पुढं ‘फॉल ऑफ’, ‘ब्रेक ऑफ’, ‘सेट ऑफ’, ‘टेक ऑफ’. मजा म्हणजे त्याच्या यादीत ‘सेट ऑफ’ म्हणजे शोभा आणणं आणि ‘टेक ऑफ’ म्हणजे नक्कल करणं. आज पोरं सेट ऑफ म्हटलं की प्रवासाला निघतात, टेक ऑफ म्हटलं की विमान उडवतात, आणि आपले अकाउंटंट सेट-ऑफ म्हटलं की तोटा वजा घालतात. अशा जोडीच्या क्रियापदांना ‘फ्रेझल व्हर्ब’ म्हणतात, पण हे नाव मात्र खूप नंतरचं. लोगन पिअरसाल स्मिथनं ते १९२५ मध्ये छापलं आणि श्रेय दिलं ऑक्सफर्ड शब्दकोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांना.

पाणी सोडलं

पुढच्या रविवारी क्लासमध्ये हे प्रकरण मी नाव न घेता मांडलं. एक मुलगा म्हणाला, “सर, एकाच शब्दाचे उलटे दोन अर्थ असतील तर ती भाषाच फालतू.”

मी फळ्यावर लिहिलं: पाणी सोडलं.

सोलापुरात याचा अर्थ विचारावा लागत नाही. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात ‘पाणी सोडलं’ ही हाक आली की माणूस जेवणावरून उठतो. मग त्याखाली लिहिलं: त्या पैशावर पाणी सोडलं. वर्ग हसला. एकीकडं पाणी आलं, दुसरीकडं पैसे गेले, आणि शब्द तेच दोन. फरक फक्त त्या ‘वर’चा. आपण तो ‘वर’ ऐकताना विचारही करत नाही.

मग सुरूच झालं. स्टँडवर ‘पंढरपूर गाडी लागली’ म्हणजे पळा, आणि ‘हिला गाडी लागते’ म्हणजे खिडकीची जागा द्या. भात लागला, नोकरी लागली, ठेच लागली. ‘उपास धरला’ आणि ‘उपास सोडला’. इंग्रजाला ‘लागणे’ची माझ्यासारखी वही करून दिली तर तो अक्कलकोटलाही पोचणार नाही.

तर जानेवारीच्या त्या मेलमधला ‘वर’ कुठला? ‘अगेन्स्ट’. व्यापारात ‘अगेन्स्ट द ऑर्डर’ म्हणजे ऑर्डरच्या विरुद्ध नव्हे, तर त्या ऑर्डरच्या खात्यातून, तिच्यापोटी. रद्द करणारा माणूस खात्यापोटी काही मागत नसतो. शिवाय रद्द होतं ते कुठलंतरी ठरलेलं, म्हणून मॅचमागं ‘द’ असतो. इथं होते नुसते ‘सिक्स थाउजंड पीसेस’, ढिगातले कुठलेही सहा हजार. आणि व्यापारी मालाची ऑर्डर रद्द करताना सहसा सरळ ‘कॅन्सल’ लिहितो. हे सगळं त्या एका ओळीत होतं. मी आणि माझी विद्यार्थिनी दोघांनीही ‘ऑफ’ पाहिला आणि खटका खाली ओढला.

तिनं विचारलं, “सर, मग हे वहीत का नव्हतं?” कारण मी ज्या वहीतून शिकलो तिच्यात नव्हतं.

निस्तरणं

थोडक्यात सांगतो, कारण हा भाग सगळे कारखानदार जाणतात. त्याच प्रतीचे सुमारे १,५०० नग गोदामात पडून होते, पहिल्या लॉटच्या वेळी जास्त विणलेले. ते विमानानं पाठवले; ७३५ किलो निव्वळ माल, भाडं अण्णांच्या खिशातून. शेजारच्या कारखान्याकडून उसनं सूत घेऊन उरलेले ४,५०० विणले, तीन आठवडे उशिरानं जहाजात चढवले. खुलाशाचं पत्र मी आणि तिनं मिळून लिहिलं. त्यात आम्ही एकही ‘ऑफ’ येऊ दिला नाही. चूक झाली, शब्दाचा अर्थ उलटा घेतला, इतका माल अमुक दिवशी, इतका तमुक दिवशी. बारा वाक्यं.

उत्तर सभ्य आलं, पण त्यात ‘वी विल हॅव टू नॉक ऑफ फोर परसेंट’ होतं. ते मात्र तिनं मला न विचारता अण्णांना सांगितलं: बिलातून ४ टक्के कापणार. अण्णा म्हणाले, “हे बरोबर कळतं तुला!”

तिला कामावरून काढा असं दोघा-तिघांनी सुचवलं होतं. अण्णांनी काढलं नाही. त्यांच्या मते नव्या मुलीला हे सगळं पुन्हा नव्यानं शिकवण्यात आणखी एक लॉट जाईल. कराराची एक प्रत आता तिच्या टेबलाच्या खणात आहे. वहीत ‘रद्द’ आणि ‘उचल’ असे दोन वेगळे रकाने आखलेत, आणि उत्तरात आपण काय समजलो ते साध्या शब्दांत परत लिहायचं असा नियम तिनं स्वतःच घातलाय. ‘नोटेड’ बंद. मामा तिला चिडवतात, “कोर्टात जबानी दिल्यागत लिहिते.”

माझी ‘ऑफ’ची वही मी फाडली नाही, पण झेरॉक्स देणं थांबवलंय. आता मुलं स्वतः वाक्यं आणतात: दुकानाच्या पाटीवरून, औषधाच्या खोक्यावरून, वडिलांच्या कारखान्यातल्या मेलवरून. परवा एकानं ‘सॅम्पल साइन्ड ऑफ’ आणलं. निम्म्या वर्गानं सांगितलं, सॅम्पल बंद. म्हणजे नापास. प्रत्यक्षात मंजूर. त्याच्या शेजारच्यानं विचारलं, “सोबत आणखी काय लिहिलंय?”, तेव्हा त्या मुलाला परत घरी जाऊन पूर्ण मेल आणावा लागला.

मेमध्ये तिचा पुन्हा फोन. इंग्लंडहून मेल होता: ‘वी विल होल्ड ऑफ ऑन द नेक्स्ट कॉल-ऑफ अंटिल वी हिअर फ्रॉम द हॉटेल.’ एका वाक्यात दोन ऑफ.

“पुढची उचल तूर्त थांबवणार, हॉटेलकडून निरोप येईपर्यंत. रद्द नाही. बरोबर ना सर?”

“बरोबर.”

“मग सूत नॅपकिनला देऊ का नको, ते काही लिहिलं नाही त्यांनी.”

“ते त्यांनाच विचार.”

“विचारलं की सर, सकाळीच. तुम्हाला नुसतं सांगायला फोन केला.”